सरकत्या जिन्यावरची धाकटी

आमच्या गल्लीत तिला सगळे धाकटी म्हणायचे. वय अठ्ठावन्न, केस पांढरे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, तरी धाकटीच. कारण घरात थोरली होती. थोरली तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आईवडील केव्हाच गेलेले, दोघींची लग्नं आज बघू उद्या बघू म्हणत राहून गेली, आणि कुलूप-किल्लीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत शेवटी त्या दोघीच उरल्या. कुणी त्यांची खरी नावं विचारली असती तर मलासुद्धा चटकन सांगता आली नसती, आणि धाकटी माझ्याकडे सव्वीस वर्षं कामाला होती.

मी टेलर. कोट शिवायचो. कापणं आणि शिवणं माझं, काजं करणं तिचं. काज म्हणजे बटण ज्यातून जातं ती चीर. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, कापडाला भोक पाडलं की झालं. पण जाणकार माणूस कोट हातात घेतला की आधी काज बघतो. धाकटी रेशमी दोरा मेणाच्या गोळीवरून दोनदा ओढून घ्यायची, चीर पाडायची आणि खिडकीशी मान खाली घालून असे एकसारखे टाके घालायची की मी कितीदा तरी हातातलं काम सोडून तिच्या मागे नुसता बघत उभा राहिलोय. माझ्या कोटांचं जे नाव झालं होतं त्यातलं निम्मं तिच्या काजांमुळे. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. कामाच्या माणसाचं तोंडावर कौतुक केलं की ते डोक्यावर बसतं, असं मला तेव्हा वाटायचं.

धाकटी बोलायची कमी. तिच्या वाटणीचंही थोरली बोलायची. थोरलीनं बाहेर नोकरी अशी कधी केली नाही. आधी आईचं आजारपण काढलं, मग वडिलांचं, मग घर सांभाळलं, आणि त्यात गुडघे गेले. घराच्या अठरा पायऱ्या उतरायला तिला पाव तास लागायचा. म्हणून ती आठवड्यातून एकदाच उतरायची, आणि उतरली की आधी माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसायची.

"मास्तर, तुमच्या ह्या बाईला जरा बोलायला शिकवा हो," ती म्हणायची. "हिच्यापेक्षा भिंत बरी. भिंतीवरून निदान आपलाच आवाज तरी परत येतो."

धाकटी मान वर न करता हसायची. ते हसणं फक्त तिच्या खांद्यांवरून कळायचं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पूर्वी बर्फाचा कारखाना होता. तो पाडून तिथं एक मोठं दुकान आलं. अशा दुकानांची साखळीच असते; ह्या शहरात एक, त्या शहरात दोन, सगळीकडे तोच पिवळा रंग, तीच पाटी, तोच वास. वर्षभर इमारतीभोवती हिरवं कापड होतं. एके दिवशी कापड उतरलं आणि वर माणसाहून उंच आकडा लागला, तीस. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. कशाचे तीस, कशाचे एकोणतीस, काही लिहिलेलं नव्हतं, आणि त्या न लिहिण्यानंच सगळी वस्ती येडी झाली. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून तसाच बाहेर जायचा आणि परत येऊन सांगायचा, "आज सतरा." जणू सतरा म्हणजे त्याच्या पोरीचे मार्क.

मग भोंगा लावलेली गाडी फिरायला लागली. पहिल्या पाचशे जणांना भेटवस्तू. कोणती, ते गुपित. कुलूपवाला म्हणाला, भिंतीवरचं घड्याळ. त्याच्या बायकोला कुणी सांगितलं होतं की पंखा. न्हाव्याच्या मते शिलाई मशीन. तो हे माझ्याकडे बघून म्हणाला, म्हणजे मला टोमणा होता. फीत कापायला टीव्हीवरची एक नटी येणार होती. तिची मालिका कुणी बघत नव्हतं, पण ती येणार म्हटल्यावर सगळे बघायला लागले.

ह्या सगळ्यात मी एकटा शहाणा होतो असं सांगायला मला आवडलं असतं. त्या दुकानात तयार कोट मिळणार होते. म्हणजे उद्या पाय येणार तो माझ्याच पोटावर. तरी रोज सकाळी शटर उचलायच्या आधी मी कोपऱ्यापर्यंत जाऊन आकडा बघून यायचो.

आकडा सहावर आला त्या दिवशी थोरली दुकानात आली. स्टुलावर बसली, श्वास खाली बसू दिला आणि म्हणाली, "मास्तर, तिथं म्हणे सरकता जिना आहे."

"आहे म्हणतात."

"म्हणजे आपण नुसतं उभं राहायचं?"

"नुसतं उभं राहायचं. तोच नेतो वर."

थोरली जरा वेळ गप्प बसली. तिचं गप्प बसणं आम्हाला इतकं नवीन होतं की धाकटीनंही मान वर केली.

"सदुसष्ट वर्षं मी जिने चढले," थोरली म्हणाली. "एकदा जिन्यानं मला चढवू दे."

"गर्दी ओसरली की जाऊ, ताई," धाकटी म्हणाली. "पुढच्या महिन्यात."

"पुढच्या महिन्यात माझे गुडघे असतील का, ते विचारून ये डॉक्टरला. आणि ती नटी काय माझ्यासाठी महिनाभर तिथं ताटकळत बसणार आहे?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणावं असं तिला वाटत होतं, हे मला कळलं. पण मला स्वतःला जायचं होतं, आणि एकट्यानं जायची लाज वाटत होती. टेलरनं तयार कपड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला जायचं म्हणजे काहीतरी निमित्त हवं. दोन बायकांना सोबत म्हणून गेलो, हे निमित्त चांगलं होतं.

"न्या हो त्यांना," मी म्हणालो. "मी त्या दिवशी दुकान बंदच ठेवतोय. तिघं मिळून जाऊ."

धाकटीनं सुई कापडात खोचून ठेवली. "मास्तर, तुम्ही आमच्याबरोबर राहाल ना पण?"

"अहो, राहीन म्हणजे काय!"

त्या दिवशी सकाळी सातला पोचलो तर रांग शाळेच्या भिंतीपर्यंत गेलेली. थोरलीनं निळा कोट घातला होता. कापड माझ्या दुकानातलं उरलेलं, काजं अर्थात घरची. केस नीट बांधलेले, ओठांना कसलंसं मलम लावलेलं. मी घडीचं स्टूल नेलं होतं. रांग सरकली की आम्ही स्टूल सरकवायचो आणि ती राणीसारखी पुढच्या मुक्कामाला जाऊन बसायची. आजूबाजूच्या लोकांशी तिच्या गप्पा सुरू झाल्या. पुढच्या बाईला तिनं धाकटीची ओळख करून दिली, "ही माझी बहीण. बोलत नाही, पण ऐकते सगळं." मला आठवतं, त्या दोनतीन तासांत ती जितकी हसली तितकी मी तिला कधी हसताना बघितलं नव्हतं.

दहाला दार उघडणार होतं. दहा वाजले, साडेदहा झाले. नटी आली नाही. भोंग्यावरचा माणूस दर पाच मिनिटांनी विचारायचा, "तयार आहात का?" आणि लोक ओरडायचे, "हो!" अकरानंतर ते 'हो' बदललं, त्यात राग आला. मागून माणसं वाढत होती. रांगेला लावलेली दोरी कुणीतरी तुडवली, कुणीतरी ओलांडली, मग ती दिसेनाशी झाली. रांगेची गर्दी कधी झाली ते आम्हाला कळलंच नाही. स्टूल कुठं गेलं ते माहीत नाही. मी एका बाजूनं थोरलीचा दंड धरला, दुसऱ्या बाजूनं धाकटीनं. मग कुणीतरी म्हणालं की भेटी मागच्या दारानं वाटून टाकल्यात, आता शंभरच उरल्यात. खरं होतं की खोटं, कोण जाणे. पण ते वाक्य गर्दीतून असं फिरलं की एकदम सगळ्यांची छाती पुढच्याच्या पाठीला लागली.

दार काचेचं, दोन पानांचं. त्यातलं एकच उघडलं.

पुढचं नीट सांगायला हवं. त्या रेट्यात माझा हात सुटला, असं मी पुष्कळ दिवस लोकांना सांगत होतो. हात सुटला नव्हता. समोर एक फट दिसली, एका माणसाला शिरता येईल एवढी, आणि मी थोरलीचा दंड सोडून तिच्यात शिरलो. विचार वगैरे काही केला नाही. अंगच पुढं गेलं.

आत गार हवा, लखलखाट, गाणी. सारख्या टोप्या घातलेल्या मुली दोन्हीकडे उभ्या राहून येईल त्याच्या हातात भेट कोंबत होत्या. ती प्लास्टिकची पिवळी बादली होती. दुकानाचं नाव छापलेली. मी ती घेतली. मागून कुणीतरी हाका मारत होतं, "मास्तर! मास्तर!" मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. आणि मी मनाशी म्हटलं, मास्तर काय मी एकटाच आहे? शाळेत मास्तर असतात, पोस्टात असतात. मी कोटांच्या मांडणीकडे गेलो, एक कोट काढला आणि काजं बघितली. मशीनची होती, विरळ, कडेनं दोरे लोंबणारी. मला फार बरं वाटलं.

तेवढ्या वेळात काय झालं ते मला नंतर कळलं. दाराच्या खाली लोखंडी पट्टी होती, तिला थोरलीचा पाय अडला आणि ती पडली. धाकटी वाकून तिला धरायला गेली, तर मागच्या लोंढ्यानं धाकटीलाच उचलून आत नेलं. तिच्या पायांना जमीनच लागत नव्हती म्हणे. एका मुलीनं तिच्या हातात बादली अडकवली. लोक सरकत्या जिन्याकडे धावत होते, त्यांनी तिला जिन्यावर ढकललं, आणि जिना तिला वर न्यायला लागला. ती वळली. खाली दारात बहीण पडलेली दिसत होती. ती वर जाणाऱ्या जिन्यावरून खाली धावायला लागली. ती दोन पायऱ्या उतरायची, जिना तिला दोन पायऱ्या वर न्यायचा. दोन्ही हात पुढं, तोंड उघडं, कोपरात बादली. धावतेय, धावतेय आणि तिथल्या तिथंच आहे. वरच्या कठड्यावरून कुणीतरी मोबाइलवर हे सगळं घेतलं.

मी बाजूच्या दारानं बाहेर पडलो. त्या दोघी दिसल्या नाहीत. गर्दीला कंटाळून घरी गेल्या असतील, असं ठरवून मी घरी गेलो, जेवलो आणि झोपलो.

संध्याकाळी पाचला न्हाव्याकडे गेलो. तो आणि दोघं गिऱ्हाइकं मोबाइलवर वाकून हसत होती. "मास्तर, हे बघा, पोट दुखेल तुमचं." त्या व्हिडिओवर कुणीतरी उडतं गाणं टाकलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'बादलीसाठी कायपण!' एक म्हातारी बाई जिन्यावर उलटी धावत होती. मी हसलो. दुसऱ्यांदा लावला तेव्हाही हसलो. तिसऱ्या वेळी मला चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरा दिसला.

हॉस्पिटलच्या बाकावर धाकटी बसली होती. शेजारी ती बादली. टाकून द्यायचं तिला सुचलंच नव्हतं. मला बघून ती थोडी सरकली आणि म्हणाली, "बसा, मास्तर." थोरलीचा खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बसतील. चालायचं मात्र विसरा.

आठवड्याभरात तो व्हिडिओ कुठं कुठं गेला. धाकटीला लोक बादलीवाली म्हणायला लागले. दुकानात अनोळखी माणसं यायची, कोट शिवायचाय म्हणायची आणि खिडकीशी बसलेल्या धाकटीकडे चोरून बघायची. एक बाई तर चांगल्या घरातली, सरळ आत आली आणि म्हणाली, "एकदा करून दाखवा ना तसं." धाकटीनं विचारलं, "कसं?" खरंच विचारलं तिनं. त्या बाईला वाटलं ही गंमत करतेय, ती आणखी हसली.

आणि मग हमरस्त्यावर तो फलक लागला. त्याच दुकानाची दुसरी शाखा शहराच्या पलीकडच्या टोकाला उघडणार होती. फलकावर धाकटीचा चेहरा, खोलीएवढा. उघडं तोंड, पसरलेले हात, पिवळी बादली. खाली लिहिलेलं, 'तुम्हीही धावाल!'

"मास्तर," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्याबरोबर याल का? मला एकटीला बोलता येणार नाही."

मी गेलो. पिवळ्या दुकानाचा मॅनेजर वरच्या मजल्यावर बसायचा, तिशीचाही नसेल. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड. उद्धट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं.

"तो फोटो काढून टाका," धाकटी म्हणाली.

"कोणता, मॅडम?"

"रस्त्यावरचा. माझा."

त्यानं तिच्याकडे नीट बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अरेच्चा! त्या तुम्ही? मॅडम, आमच्या सगळ्या शाखांमध्ये तुम्हाला ओळखतात!"

"माझी बहीण दारात पडली होती. मी खाली यायला बघत होते."

"हो, ते फार वाईट झालं. आम्हाला सगळ्यांना वाईट वाटलं." तो खरंच ओशाळला. "पण मॅडम, फोटोत बहीण दिसत नाही ना."

"दिसत नाही म्हणूनच सांगायला आले."

"जाहिरातीचं सगळं हेड ऑफिस बघतं. माझ्या हातात काही नाही. मी फक्त इथला मॅनेजर."

मला राग आला. "मग दार कुणाच्या हातात होतं? दुसरं पान का उघडलं नाही?"

"त्या बाजूला फीत बांधली होती," तो म्हणाला. "त्या नटी मॅडम कापणार होत्या."

"आली का ती?"

"नाही. त्यांचं विमान चुकलं."

निघताना तो दारापर्यंत आला आणि घुटमळत म्हणाला, "मॅडम, राग येणार नसेल तर... एक फोटो?" धाकटीला नाही म्हणता येत नव्हतं, कधीच आलं नव्हतं. ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्यानं फोटो काढला, आभार मानले. परतताना ती सरकत्या जिन्याजवळ थबकली, मागं फिरली आणि खोकी ठेवलेल्या अरुंद जिन्यानं खाली उतरली. मी तिच्या मागून उतरलो.

हेड ऑफिसला पत्र लिहिलं. ते मी लिहिलं, सही तिची. दीड महिन्यानं उत्तर आलं. दारावर सूचना लावलेली होती की आत येणाऱ्याचं चित्रीकरण होऊ शकतं. आत आलात म्हणजे तुमची संमती धरली जाते. पोलीस चौकीवर गेलो. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तक्रार कुणाविरुद्ध लिहू? ढकललं कुणी, कुणाला ओळखता का?" धाकटी म्हणाली, "नाही." मी पायातल्या बुटांकडे बघत होतो.

ह्यातलं काही आम्ही थोरलीला कळू दिलं नव्हतं. ती खिडकीजवळच्या खाटेवर पडून असायची. आधी बोलायची, मग कमी बोलायला लागली. पण कुलूपवाल्याच्या बायकोच्या पोटात काही राहत नाही. एका रविवारी दुपारी मी भेटायला गेलो तर थोरलीनं हात पुढं केला. "मास्तर, आणा तो मोबाइल. हिची करामत बघू दे मला."

धाकटी नको नको म्हणाली. थोरलीनं ऐकलं नाही. मी गाण्याचा आवाज बंद करून दिला. तिनं मोबाइल दोन्ही हातांनी डोळ्यांजवळ धरला. आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. ती हसली नाही, रडलीही नाही.

"माझ्याकडे बघतेयस तू," ती म्हणाली.

"हो, ताई."

"किती भराभर पाय उचलतेस गं. घरात कधी अशी चालली नाहीस." मग थोड्या वेळानं, "वर काय होतं?"

"कुठं?"

"जिन्याच्या वर. पोचलीस ना शेवटी?"

"पोचले. मग दुसऱ्या बाजूनं धावत खाली आले. बघितलं नाही काही."

"वेडीच आहेस. मला सांगायला तरी बघायचं." तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. "आणि मास्तर, हिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. मी खाली पडलेली, डोळ्यांपुढून नुसते बूट चाललेले, आणि ही वरून ओरडतेय, मास्तर, ताईला उचला, मास्तर, ताईला उचला. सारखं तेच. तुम्ही लांब असाल."

"हो," मी म्हणालो. "खूप लांब होतो. ऐकू नाही आलं."

धाकटी टॉवेलची घडी करत होती. घडी झाली होती. तिनं ती मोडली आणि परत केली. त्या जिन्यावरून सगळं दुकान दिसतं, हे मला तिथं बसल्या बसल्या आठवलं. दार दिसतं, आणि दारापासून वीस पावलांवरची कोटांची मांडणीही. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिथून पुढं ती माझ्याशी बोलायची तेव्हा माझ्या खांद्याकडे, नाहीतर हातातल्या कापडाकडे बघायची.

थोरली आठ महिने काढून गेली. पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ झाला, दोनदा हॉस्पिटलमध्ये नेलं, दोनदा आणलं. दुपारची वेळ होती. धाकटी तिचे केस विंचरत होती, आणि एका बाजूचे विंचरून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. पोचवायला आम्ही सहा जण होतो. उद्घाटनाला अर्धं शहर लोटलं होतं, असा विचार माझ्या मनात आला आणि मला स्वतःचीच चीड आली, कारण असले विचार करायला मी नेहमी वेळेवर हजर असतो.

दुसऱ्या दिवशी धाकटी नऊला कामावर आली. मी म्हटलं, "राहू द्या चार दिवस." ती म्हणाली, "घरी काय करू?" आणि दोरा मेणावरून ओढायला लागली. तिचे टाके तसेच राहिले. मी मुद्दाम बघितलं. कुठंतरी एखादा टाका चुकावा असं मला वाटत होतं.

हमरस्त्यावरचा फलक कुणी काढला नाही. तो उन्हानं फिका पडला, चेहऱ्याचा रंग उडाला, बादली तेवढी पिवळी राहिली. मग एके दिवशी त्यावर टायरची जाहिरात चिकटवली गेली. व्हिडिओ मात्र गेला नाही. कुठंही असं दुकान उघडलं की कुणीतरी तो नव्यानं टाकतं, नव्या गाण्यावर, आणि लोक नव्यानं हसतात.

दोन वर्षांत माझ्याकडे येणारे कोट थांबले. आधी तरुण माणसं थांबली, मग म्हातारी. तयार कोट आणून बाह्या आखूड करून मागणारे येत राहिले; त्या कामाला काजांची गरज नसते. पिवळं दुकानही चाललं नाही म्हणतात. साखळीवाल्यांनी ते बंद करून आणखी मोठं कुठंतरी उघडलं. गल्लीच्या तोंडाशी ती इमारत आता रिकामी आहे, काचेवर आतून कागद लावलेले.

दुकान बंद करायच्या दिवशी धाकटी खिडकीतली आपली खुर्ची पुसत होती. मला काहीतरी म्हणायचं होतं. किती दिवस मनात जुळवलं होतं, फटीपासून सगळं. मी म्हणालो, "धाकट्या बाई, त्या दिवशी..."

"मास्तर," ती कापडाकडे बघत म्हणाली, "आता कशाला?" आणि खुर्ची पुसत राहिली. तिला ते ऐकायचं नव्हतं की ऐकून मला मोकळं करायचं नव्हतं, मला कळलं नाही. मी कात्री पेटीत ठेवली, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

परवा ती बसस्टॉपवर दिसली. पाठीला पोक आलंय. शहराबाहेर शर्टांचा कारखाना आहे, तिथं घड्या घालायच्या विभागात तिला काम मिळालंय. शर्टाच्या कॉलरखाली पुठ्ठा घालायचा, टाचण्या लावायच्या, पिशवीत सरकवायचा.

"किती जणी आहात?"

"चाळीस. बऱ्या आहेत."

"डोळे कसे आहेत तुमचे?"

"त्या कामाला डोळे लागत नाहीत," ती म्हणाली.

बस आली. कामावरून सुटलेली माणसं दाराकडे धावली. ती मागं सरली, खांबाला टेकून उभी राहिली आणि सगळ्यांना चढू दिलं. बस भरून निघून गेली. दुसरी आली, तीही तशीच गेली. मी विचारलं, "रोज असंच?"

"होते ना कधीतरी रिकामी."

मी घड्याळ बघितलं, मला कुठं जायचं नव्हतं तरी, आणि म्हणालो, "येतो मग मी." ती "बरं" म्हणाली. कोपऱ्यावरून वळून बघितलं तेव्हा तिसरी बस येऊन उभी होती आणि दाराशी पुन्हा तेवढीच माणसं होती. ती अजून खांबापाशीच होती.